लाल टोपणाची सिरिंज, शंभरची कुपी: रात्रपाळीतल्या एका इंजेक्शनचे प्रकरण

हे प्रकरण वर्गातल्या चर्चेसाठी बेतले आहे. यातली माणसे आणि रुग्णालय कुणा एकाचे नाही. कायदे, निवाडे आणि औषधाचे हिशेब मात्र आहेत तसेच आहेत. गोव्यातल्या खासगी रुग्णालयात ज्यांनी रात्रपाळ्या काढल्या आहेत त्यांना यातले फारसे काही नवे वाटणार नाही. नवे वाटले तर ते पुढच्या कोर्टकचेरीच्या भागात वाटेल.

त्या रात्री काय झाले

बार्देश तालुक्यातले तीस खाटांचे रुग्णालय. डिचोलीकडच्या ६८ वर्षांच्या एक बाई, मधुमेह जुना, डाव्या पावलाची जखम चिघळून ताप भरला म्हणून दाखल झाल्या. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचे कार्ड होते, त्यामुळे घरच्यांनी रोख काही भरले नव्हते. सोबतीला सून. रात्री वॉर्डात २२ रुग्ण आणि त्यांच्यासाठी एक स्टाफ नर्स, एक आयाबाई. नर्स दोडामार्ग तालुक्यातली, जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेली, सिंधुदुर्गातून गोव्यात नोकरीला येणाऱ्या कितीतरी मुलींसारखीच.

रात्री दहाला ग्लुकोमीटरवर शुगर ३४८ आली. डॉक्टर घरी होते. फोनवर ते इन्सुलिनबद्दल म्हणाले, "रेग्युलर बारा युनिट द्या आणि दोनला परत बघा." नर्सने "बरं सर" म्हणून केसपेपरवर लिहून घेतले. आकडा परत म्हणून दाखवला नाही, तो दाखवायला हवा होता; पण या रात्री घोटाळा आकड्यात झाला नाही.

वॉर्डातली इन्सुलिनची कुपी संध्याकाळीच संपली होती. खालच्या फार्मसीतून नवी आली ती १०० आययू (युनिट) प्रति मिली ताकदीची. ट्रेमध्ये सिरिंज होत्या त्या सगळ्या ४० च्या, लाल टोपणाच्या. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन दोन ताकदींत विकले जाते आणि प्रत्येकीची सिरिंज वेगळी असते: ४० साठी लाल टोपण, १०० साठी नारिंगी. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये बाराच्या रेघेपर्यंत औषध ओढले की ते ०.३ मिली भरते. कुपी ४० ची असती तर ते बारा युनिट झाले असते. कुपी १०० ची होती, म्हणून ते तीस झाले. अडीच पट. नर्सने कुपीवरचे नाव वाचले, मुदत वाचली. ताकद वाचली नाही, कारण गेले आठ महिने त्या ट्रेमध्ये ४० खेरीज दुसरे काही आलेच नव्हते. इन्सुलिनसारख्या धोक्याच्या औषधाला दुसऱ्या नर्सने डोळ्यांखालून घालायचे असते, पण त्या मजल्यावर दुसरी नर्स नव्हती.

रेग्युलर इन्सुलिन त्वचेखाली दिले की साधारण दोन ते चार तासांनी त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. बाईंनी रात्री पेज घेतली होती, तीही अर्धी वाटी. दोन वाजून गेल्यावर सून काउंटरवर आली.

"सिस्टर, आईंना दरदरून घाम सुटलाय. हात गार पडलेत. काहीतरी भलतंच बोलतायत."

"ताप उतरतोय ताई, साडेअकराला गोळी दिलीय ना. पंखा थोडा वाढवा, मी आलेच."

ती आली नाही. समोरच्या खोलीत एका रुग्णाला रक्त चढत होते आणि त्याला हुडहुडी भरली होती. रक्त थांबवणे, डॉक्टरांना फोन, नातेवाइकांना आवरणे यात तास गेला. मग दोन नवी सलाईन, एकाचे कॅथेटर. पाचला बीपी घ्यायला गेली तेव्हा बाई हाकेला ओ देईनात. शुगर २६. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली दिले, शुगर वर आली, शुद्ध आली नाही. १०८ रुग्णवाहिकेने त्यांना बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) नेले. तिथे सहाव्या दिवशी त्या गेल्या. शवविच्छेदनाचा अभिप्राय: साखर फार वेळ खाली राहिल्याने मेंदूला झालेली इजा आणि त्यातून उद्भवलेला न्यूमोनिया.

आणखी एक गोष्ट घडली, ती सकाळी. रुग्णवाहिका गेल्यावर इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "चार्ट असा रिकामा ठेवू नकोस, उद्या कुणी मागितला तर काय दाखवणार?" दोनच्या रकान्यात त्याच पेनाने १४२ हा आकडा बसला.

तीन घड्याळे

घरच्यांनी कागदपत्रांची प्रत मागितली. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाच्या २००२ च्या नियमांत रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यापासून ७२ तासांत प्रत द्यावी असे आहे, त्यामुळे रुग्णालयाने ती दिली. चार्टवर रात्री दोनला शुगर १४२. मुलाने तो आकडा पाहिला आणि आपला मोबाईल काढला. रात्री २ वाजून १२ मिनिटांनी बायकोने व्हॉट्सॲपवर लिहिले होते: "आईंना खूप घाम येतोय, सिस्टर म्हणतात ताप उतरतोय." शुगर बघितली असे त्यात कुठेही नव्हते.

तरीही हा एका बाजूचा शब्द झाला असता. निर्णायक ठरला तो ग्लुकोमीटर. ही छोटी यंत्रे मागचे आकडे तारीख-वेळेसह साठवून ठेवतात, हे वॉर्डात फारसे कुणाच्या ध्यानात नसते. पोलिसांनी पंचनामा करून यंत्र ताब्यात घेतले. रुग्णालयाच्या वकिलांनी सांगितले की यंत्राची वेळ कुणी कधी लावलीच नव्हती, ती चुकीची आहे. खरेच, ती चुकीची होती. पण वेळ बाजूला ठेवली तरी क्रम राहतो, आणि त्या क्रमात या वॉर्डाच्या यंत्रावर ३४८ नंतर थेट २६ होते. मधे १४२ हा आकडा कुणाच्याही नावाने नव्हता.

माझ्या मते या प्रकरणाचा कणा इथे आहे, सिरिंजमध्ये नाही. चुकीची सिरिंज ही चूक आहे. तिच्यामागे फार्मसी आहे, साठा आहे, मनुष्यबळ आहे, आणि नर्सच्या बाजूने बोलायला वकिलाला भरपूर जागा आहे. मागाहून लिहिलेला १४२ ही जागा एका फटक्यात बंद करतो. तो नसता तर चार्टवर दोनचा रकाना रिकामा दिसला असता, आणि रिकाम्या रकान्यासाठी समोरच्या खोलीतली हुडहुडी हे खरे, तपासता येईल असे उत्तर होते: त्या रुग्णाच्या केसपेपरवर त्याच वेळची नोंद होती. शिवाय आता नुसत्या हलगर्जीपणाचा प्रश्न उरत नाही, खोटा दस्तऐवज बनवण्याची कलमे दारात येतात, आणि "लिही" म्हणणाऱ्या इन्चार्जही त्यात ओढल्या जातात.

उशिरा लिहायला कायद्याची हरकत नाही. लिहिताना खरी वेळ टाकायची, 'विलंबित नोंद' असे म्हणायचे, जे घडले तेच लिहायचे आणि सही करायची. "सकाळी ७.१५, विलंबित नोंद. रात्री २ ला शुगर तपासता आली नाही. खोली क्र. ४ मधील रुग्णास रक्त चालू असताना थंडी, तेथे हजर. सुमारे २.१० ला नातेवाइकाने घाम येत असल्याचे सांगितले." हे लिहायला हात जड होतो, हे मान्य. पण कोर्टात नर्सच्या बाजूने उभा राहणारा तोच एक कागद असतो.

कोण जबाबदार: ग्राहक आयोगाचा प्रश्न

मुलाने उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे त्याला कारण घडल्यापासून दोन वर्षे होती. विरुद्ध पक्ष तीन: रुग्णालय, डॉक्टर, नर्स.

रुग्णालयाचे पहिले म्हणणे: पैसे घेतलेच नाहीत, मग ग्राहक कसला? हे टिकणारे नव्हते. १९९५ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की जिथे इतर रुग्णांकडून पैसे घेतले जातात तिथे फुकट उपचार घेणारेही ग्राहकच. सगळ्यांना सगळेच मोफत देणारी ठिकाणे तेवढी बाहेर.

दुसरे म्हणणे: चूक नर्सची, आमची नाही. इथे १९९८ चा स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल विरुद्ध हरजोल अहलुवालिया हा निवाडा प्रत्येक नर्सने एकदा तरी वाचावा असा आहे. टायफॉईडसाठी दाखल केलेल्या मुलाला नर्सने इंजेक्शन थेट शिरेत दिले, मुलाचे हृदय थांबले, मेंदूला कायमची इजा झाली. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या मानसिक यातनांसाठी पाच लाख अशी भरपाई सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. पैसे रुग्णालयाने द्यायचे, कारण नोकराच्या कामातल्या निष्काळजीपणाला मालक जबाबदार. नर्सवर काम सोपवून मोकळे झालेले डॉक्टरही सुटले नाहीत. पुढे २००४ मध्ये सविता गर्ग प्रकरणात न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की रुग्ण दाखल होता आणि इजा झाली एवढे दिसले की योग्य काळजी घेतली हे दाखवण्याचा भार रुग्णालयावर येतो.

आमच्या प्रकरणात रुग्णालयाची जबाबदारी केवळ उसनी, म्हणजे नोकराच्या चुकीपोटी आलेली, नाही, स्वतःचीही आहे. ४० च्या सिरिंज असलेल्या वॉर्डात १०० ची कुपी पाठवली फार्मसीने. नारिंगी टोपणाच्या सिरिंज मागवल्या नाहीत व्यवस्थापनाने. रक्त चालू असलेला रुग्ण असूनही मजल्यावर एकच नर्स ठेवली त्यांनीच. यातल्या प्रत्येक गोष्टीचा कागद सापडतो: खरेदीची बिले, ड्यूटी रोस्टर, फार्मसीचे इंडेंट (मागणीपत्रे).

डॉक्टरांचे काय? मात्रा त्यांनी बरोबर सांगितली. रुग्णाने किती खाल्ले हे विचारले नाही, आणि फोनवरच्या आदेशावर सही केली ती सकाळी, सगळे घडून गेल्यावर. आयोगाने त्यांच्याकडे बोट दाखवले तर ते न खाण्याच्या मुद्द्यावर असेल. "डॉक्टरांनी सांगितले तेच केले" हा नर्सचा नेहमीचा बचाव मात्र इथे उलटाच पडतो: डॉक्टरांनी सांगितले बारा, दिले गेले तीस, डॉक्टरांनी सांगितले दोनला बघा, बघितले गेले नाही.

नर्सकडून कोणत्या पातळीच्या काळजीची अपेक्षा? मधुमेहतज्ज्ञाच्या नव्हे, त्या कामातल्या साधारण जाणत्या नर्सच्या. घाम, गार हात, भलते बोलणे आणि चार तासांपूर्वी इन्सुलिन, हे चित्र जीएनएमच्या अभ्यासातच शिकवले जाते. तापाच्या गोळीनेही घाम येतो हे खरे. गार हात आणि असंबद्ध बोलणे त्या गोळीने येत नाही. ग्लुकोमीटरला अर्धा मिनिट लागतो. आणि सुनेच्या तोंडून ते तिन्ही शब्द आले होते.

नोंदणीचा कागद

तपासात निघाले की नर्सची नोंद महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये होती, गोवा नर्सिंग कौन्सिलमध्ये नव्हती. रुग्णालयाने रुजू करून घेताना प्रमाणपत्राची झेरॉक्स घेतली आणि विषय संपवला. ज्या राज्यात काम करायचे तिथल्या परिषदेत नोंद हवी, मूळ परिषदेचे ना-हरकत पत्र आणून ती करून घ्यायची, हे दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात नव्हते. २०२३ मध्ये संसदेने १९४७ च्या भारतीय नर्सिंग परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा मंजूर केला. त्यानेही नोंदणीची गरज संपत नाही.

या कागदामुळे बाई गेल्या का? नाही. सिरिंज तीच राहिली असती. पण उलटतपासणीत वकील पहिला प्रश्न हाच विचारणार: "तुम्हाला गोव्यात नर्स म्हणून काम करण्याचा अधिकार होता का?" त्यानंतर तुमचे प्रशिक्षण किती चांगले होते हे सांगायला कुणाला उत्साह राहत नाही. स्प्रिंग मेडोजमधली नर्स पात्रच नव्हती आणि इथली पात्र आहे, हा फरक मोठा आहे. तो आयोगाला पटवून द्यावा लागणे हीच अडचण. दोडामार्ग, सावंतवाडी, बेळगाव, कारवार इकडून येणाऱ्यांनी पहिल्या पगाराआधी उरकावे असे हे काम, आणि ते टाळले जाण्याचे कारण बहुतेक वेळा फी नसून हेलपाटे हेच असते.

फौजदारी दार

पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लावले. हे कलम नर्सांनी नीट वाचायला हवे, कारण १ जुलै २०२४ पासून इथे एक गोष्ट बदलली आणि तिच्यावर नर्सांच्या खोल्यांत फारसे बोलले गेले नाही.

जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. ट्रक ड्रायव्हर, डॉक्टर, नर्स, सगळ्यांना सारखीच. नव्या कलमात ती पाच वर्षांपर्यंत वाढली. मग एक सवलत दिली: वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून असे घडले तर कमाल दोनच वर्षे. आणि नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक म्हणजे कोण, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा २०१९ खालची पात्रता असलेला आणि राष्ट्रीय किंवा राज्य वैद्यक नोंदवहीत नाव असलेला. नर्सचे नाव त्या नोंदवहीत नसते. म्हणजे एकाच खाटेजवळ, एकाच रुग्णाच्या मृत्यूसाठी डॉक्टर आणि नर्स दोघांवर हे कलम लागले, तर कायद्याच्या अक्षराप्रमाणे डॉक्टरची कमाल शिक्षा दोन वर्षे, नर्सची पाच. जी आदेश देत नाही, पाळते, तिला जास्त. हे जाणूनबुजून केले असेल असे मला वाटत नाही. डॉक्टरांच्या संघटनांचा आवाज पोहोचला आणि नर्सांचा पोहोचला नाही, एवढेच असावे. गुन्हा जामीनपात्र आहे हा दिलासा.

शिक्षेआधी दोषाचा प्रश्न येतो. २००५ च्या जेकब मॅथ्यू निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वैद्यकीय व्यवसायात फौजदारी दोषासाठी साधा निष्काळजीपणा पुरत नाही, तो ढोबळ, घोर असावा लागतो. पोलिसांनी कारवाईआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचे, आणि उठसूट अटक करू नये, असेही त्यात आहे. निवाड्यातल्या या सूचनांत शब्द 'डॉक्टर' आहे. नर्सच्या वकिलाने म्हणावे, आणि म्हणायलाच हवे, की तत्त्व उपचार करणाऱ्या सगळ्यांना सारखे लागू होते. अटकेपुरते त्यावर अवलंबून राहायची गरज नाही: सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत आपोआप अटक नको, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निवाड्याने सगळ्यांसाठीच सांगितले आहे.

मग ही चूक घोर होती का? कुपीपुरते बोलायचे तर नाही. आठ महिने एकच ताकद, अचानक दुसरी, सोबत जुनी सिरिंज: अशा सापळ्यात शहाणी नर्सही सापडते. दोनच्या तपासणीबद्दल मी थोडा अडखळतो. एकीकडे रक्ताची प्रतिक्रिया आलेला रुग्ण, तोही जीवघेणा प्रसंग. दुसरीकडे डॉक्टरांनी नेमून दिलेली वेळ आणि नातेवाइकाने स्वतः येऊन सांगितलेली लक्षणे. आयाबाईला पाठवून मेट्रनला (मुख्य परिचारिकेला) उठवता आले असते. तरीही मी त्याला घोर म्हणणार नाही. दोन जणींचे काम एकीवर टाकले की असे होणारच होते, आणि वैद्यकीय मंडळाने प्रामाणिकपणे पाहिले तर हेच लिहील. अडचण एवढीच की मंडळापुढे जाणाऱ्या फाईलमध्ये १४२ आहे. ज्याने आकडा रचला त्याच्या हुडहुडीच्या गोष्टीवर विश्वास का ठेवायचा, हा प्रश्न फाईल उघडणाऱ्याच्या मनात आधी येतो.

बचाव पक्ष न्यूमोनियाचाही मुद्दा काढेल: वय, पायातला पू, आधीचा ताप. तो फार दूर जाणार नाही. शुद्धीवर नसलेल्या माणसाला न्यूमोनिया होणे हे त्या बेशुद्धीचेच फळ आहे, साखळी तुटत नाही, आणि शवविच्छेदनाच्या अभिप्रायातही तसेच आहे.

वकीलपत्र

तिसऱ्या दिवशी, बाई अजून व्हेंटिलेटरवर असताना, रुग्णालयाच्या ऑफिसात नर्सपुढे दोन कागद ठेवले गेले. एक राजीनामा, टाईप केलेला, तारीख आदल्या आठवड्याची. दुसरे वकीलपत्र: रुग्णालय, डॉक्टर आणि नर्स, तिघांचा एकच वकील, खर्च रुग्णालयाचा. "काळजी करू नकोस, आम्ही आहोत ना."

राजीनाम्यावर तिने सही केली नाही. गावातल्या एका नात्यातल्या कारकुनाने फोनवर सांगितले म्हणून. मागल्या तारखेच्या राजीनाम्याने ती त्या रात्री कामावरच नव्हती असे भासवता आले असते, किंवा निदान रोस्टरमध्ये घोळ घालता आला असता. वकीलपत्रावर ती जवळजवळ सही करणार होती, कारण ते फुकट होते.

रुग्णालयाच्या लेखी उत्तरात पुढे काय आले ते पाहिले की ही सही का नको होती ते कळते. त्यात लिहिले होते: दोन नर्सांनी तपासल्याशिवाय इन्सुलिन द्यायचे नाही असा रुग्णालयाचा लेखी नियम आहे, सदर नर्सने तो मोडला, तसेच तिने नोंदणीबाबत चुकीची माहिती दिली. नर्सच्या उत्तरात येणे भाग होते ते असे: त्या रात्री मजल्यावर दुसरी नर्स नेमलीच नव्हती, रोस्टरची प्रत जोडली आहे, १०० च्या सिरिंज वॉर्डात कधी दिल्याच नाहीत, मागील आठ महिन्यांची इंडेंट मागवावीत, दोनचा आकडा कुणाच्या सांगण्यावरून लिहिला ते नमूद करते. ही दोन उत्तरे एका वकिलाच्या सहीने दाखल होऊ शकत नाहीत. तिने म्हापशातला वेगळा वकील केला, आणि त्याने पहिल्या भेटीत रुग्णालयाच्या विमा पॉलिसीची प्रत मागवली: तिच्यात नर्सिंग स्टाफचा समावेश होता की फक्त डॉक्टर आणि संस्थेचा, हे तोवर तिला कुणी सांगितले नव्हते.